घरच्या मेल सर्व्हरवरचा स्पॅम : नाकारायचं ते दारातच

हा लेख कोणासाठी आहे ते आधी सांगतो. तुमच्या घरी एखादा जुना डेस्कटॉप किंवा रास्पबेरी पाय आहे. त्यावर डेबियन किंवा उबुंटू चालतं, पोस्टफिक्स (मेल घेणारा-पाठवणारा कार्यक्रम) आणि डोव्हकॉट (मेलबॉक्स सांभाळणारा) बसवून झालं आहे, आणि स्वतःच्या डोमेनवर मेल येते-जाते. घरातली चार-पाच माणसं ती वापरतात. सगळं सुरळीत चालू असताना हळूहळू कचरा यायला लागतो, आणि तो कसा थांबवायचा हे कोणी नीट सांगत नाही. सर्व्हर अजून उभाच केला नसेल, तर आधी तेवढं उरकून घ्या.

उदाहरणासाठी परभणीच्या नव्या मोंढ्यात आडत असलेलं एक घर धरू. यांच्याकडे जालन्याच्या बियाणे कंपनीचं दरपत्रक येतं, लातूरच्या डाळ मिलची ऑर्डर येते, ट्रान्सपोर्टवाल्याचं ई-वे बिल, बँकेचं स्टेटमेंट, जीएसटीचा ओटीपी, पोरीच्या कॉलेजची नोटीस. निम्मी मेल मराठीत, उरलेली हिंदी-इंग्रजीत. आणि पाठवणाऱ्या प्रत्येकाचा सर्व्हर धड बसवलेला असेलच असं नाही. मोठ्या कंपन्यांसाठी लिहिलेले कडक नियम इथे उचलून लावले, तर स्पॅमसोबत डाळ मिलची ऑर्डरही बाहेर राहते. दहा स्पॅम आत आले तर चिडचिड होते. एक ऑर्डर हुकली तर सौदा जातो.

म्हणून पुढच्या सगळ्या पायऱ्या एका नियमावर उभ्या आहेत. मेल नाकारायची असेल तर समोरच्या सर्व्हरशी बोलणं चालू असतानाच, तोंडावर नाकारायची. एकदा घेतली, की जंक फोल्डरात का होईना, पोहोचवायची. घेऊन गुपचूप फेकायची नाही, आणि घेऊन मग 'पोहोचली नाही' म्हणून परतही पाठवायची नाही. तोंडावर नाकारली तर पाठवणारा सर्व्हर आपल्या माणसाला तसं कळवतो. खरा माणूस असेल तर तो फोन लावतो, काम अडत नाही. नंतर परत पाठवलेल्या मेलचं मात्र वाईट असतं. स्पॅमवरचा प्रेषकाचा पत्ता बहुतेक वेळा चोरलेला असतो, त्यामुळे तुमची परत-मेल भलत्याच माणसाच्या डोक्यावर जाऊन पडते आणि स्पॅम पाठवणारे तुम्हीच ठरता.

एक सूचना लिहिण्याबद्दल. सेटिंगची नावं मी इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत. फाइलमध्ये ती रोमन लिपीत, लहान अक्षरांत आणि दोन शब्दांमध्ये अंडरस्कोअर देऊन लिहायची. पोस्टफिक्सच्या दोन फाइली सारख्या लागतील: मेन डॉट सीएफ आणि मास्टर डॉट सीएफ. हात लावण्याआधी दोन्हींची प्रत काढून ठेवा.

पायरी १ : समोरच्याचा खरा आयपी दिसतो का?

स्पॅमविरुद्धची निम्मी हत्यारं समोरून कोण बोलतंय त्याच्या आयपी पत्त्यावर चालतात. तो पत्ताच चुकीचा दिसत असेल तर पुढचं सगळं वाया. घरच्या सर्व्हरवर हा घोळ फार होतो, आणि बसवण्याच्या लेखांत त्याचा उल्लेख क्वचितच असतो.

बाहेरच्या एखाद्या खात्यावरून स्वतःला मेल पाठवा आणि मेलचा लॉग उघडा. 'कनेक्ट फ्रॉम' या शब्दांपुढे त्या बाहेरच्या सेवेचं नाव आणि पत्ता दिसला पाहिजे. तिथे १९२.१६८.१.१ किंवा तुमच्या राउटरचा पत्ता दिसत असेल, तर राउटर पोर्ट पुढे ढकलताना प्रत्येकाला स्वतःचं नाव लावतो आहे. याचे दोन परिणाम होतात. एक, कुठलीही ब्लॉकलिस्ट (स्पॅमवाल्या पत्त्यांची यादी) चालणार नाही. दुसरा त्याहून वाईट. पोस्टफिक्सच्या 'मायनेटवर्क्स' या सेटिंगमध्ये बऱ्याचदा घरचं नेटवर्क विश्वासू म्हणून लिहिलेलं असतं. आता अख्खं जग घरच्याच पत्त्यावरून येताना दिसतं, म्हणजे जगातल्या कोणालाही तुमच्या सर्व्हरवरून कुठेही मेल पाठवता येते. याला ओपन रिले म्हणतात. असा सर्व्हर स्पॅमवाल्यांना सापडायला फार वेळ लागत नाही.

यावर दोन गोष्टी करा. राउटरमधलं ते नॅटचं सेटिंग सुधारा. जमत नसेल तर राउटर बदला. आणि काहीही असलं तरी 'मायनेटवर्क्स'मध्ये फक्त १२७.०.०.० / ८ आणि आयपीव्ही६ वापरत असाल तर त्याचा लूपबॅक पत्ता, एवढंच ठेवा. घरातल्या लॅपटॉप-मोबाइललाही पासवर्ड टाकूनच मेल पाठवू द्या. घरातलाच कॉम्प्युटर व्हायरसने धरला तर हेच सेटिंग तुम्हाला वाचवतं.

राउटरच्या पानावर दिसणारा बाहेरचा पत्ता १००.६४ ते १००.१२७ यांमधला असेल, तर तुम्ही सीजीनॅटच्या मागे आहात. एकच पत्ता अनेक ग्राहकांत वाटलेला असतो आणि बाहेरून तुमच्यापर्यंत थेट कोणी येऊ शकत नाही. तालुक्याच्या गावी फायबर आलं तरी ही अडचण आली नाही असं घर कमीच. यावर उपाय दोन: जादा पैसे भरून स्टॅटिक आयपी घ्यायचा, किंवा एक स्वस्त व्हीपीएस (इंटरनेटवरचा आभासी सर्व्हर) भाड्याने घेऊन तिथून वायरगार्डचा बोगदा घरापर्यंत आणायचा. बोगद्यातही वरचीच चूक होऊ शकते. व्हीपीएसवर मास्करेड लावलं की सगळी मेल व्हीपीएसच्या पत्त्यावरून आल्यासारखी दिसते. व्हीपीएसवर एचएप्रॉक्सी हा जोडण्या पुढे पाठवणारा कार्यक्रम ठेवून त्याचा प्रॉक्सी प्रोटोकॉल वापरला, तर खरा पत्ता घरापर्यंत पोहोचतो. पोस्टफिक्सच्या पोस्टस्क्रीनला (पायरी ३ मध्ये येईल) तो वाचता येतो.

पायरी २ : नको ते पत्ते बंद

हे पटकन होतं. नसलेल्या पत्त्यांवरची मेल दारातच नाकारली गेली पाहिजे. पोस्टफिक्स मुळात तसंच करतो, पण 'डोमेनवरची कुठलीही मेल माझ्याकडे' असा कॅच-ऑल तुम्ही लावला असेल तर तो काढा. स्पॅमवाले इन्फो, सेल्स, अॅडमिन, अकाउंट्स असली नावं अंदाजाने मारत सुटतात, आणि कॅच-ऑल त्या सगळ्यांना या या म्हणतो. हे पत्ते लागत नसतील तर तयारच करू नका. पोस्टमास्टर हा पत्ता मात्र हवाच, तो मेलच्या प्रमाणकातच सांगितला आहे. अॅब्यूजही ठेवा.

कॅच-ऑलचा एक खरा फायदा असतो, प्रत्येक ठिकाणी वेगळा पत्ता देता येतो. तो 'रिसिपियंट डिलिमिटर'ने मिळवा. त्यात अधिकचं चिन्ह (+) लिहिलं, की पत्त्यातल्या त्या चिन्हापुढचा शब्द काहीही असला तरी मेल मूळ माणसाकडे येते. कित्येक फॉर्मना अधिकचं चिन्ह चालत नाही. पोस्टफिक्स २.११ पासून या सेटिंगमध्ये एकाहून जास्त चिन्हं देता येतात, म्हणून सोबत आडवी रेघही (-) द्या. मग बियाणे कंपनीला एक पत्ता, वधू-वर सूचक संकेतस्थळाला दुसरा. कोणाकडून पत्ता फुटला ते नंतर आपोआप कळतं, आणि तेवढाच पत्ता बंद करता येतो.

पायरी ३ : स्वतःचा डीएनएस रिझॉल्व्हर, मग ब्लॉकलिस्ट

क्रम उलटा करू नका. नवशिक्या माणसाला सगळ्यात जास्त मनस्ताप इथेच होतो.

ब्लॉकलिस्ट म्हणजे स्पॅम पाठवणाऱ्या आयपी पत्त्यांची यादी, जी डीएनएसमधून (नावावरून पत्ता शोधून देणाऱ्या यंत्रणेतून) विचारता येते; हे विचारण्याचं काम करणारा कार्यक्रम म्हणजे रिझॉल्व्हर. स्टीव्ह लिनफर्ड यांनी १९९८ मध्ये सुरू केलेल्या स्पॅमहाउसची 'झेन' ही यादी छोट्या सर्व्हरला एकटी पुरते. त्यात स्पॅमवाल्यांचे पत्ते आहेत, व्हायरसने धरलेली यंत्रं आहेत, आणि पीबीएल नावाचा एक भाग आहे. ज्या पत्त्यांवरून थेट मेल येणं अपेक्षितच नाही, असे घरगुती ब्रॉडबँडचे पट्टे या पीबीएलमध्ये असतात. तुमच्या स्वतःच्या घरचा पत्ताही बहुधा तिथे सापडेल. घाबरू नका. त्याचा अर्थ एवढाच, की या पत्त्यावरून दुसऱ्याला थेट मेल पाठवू नका. त्याचं पुढे बघू.

थोड्या मेलसाठी आणि सेवा विकत नसाल तर ही यादी फुकट आहे. पण गूगलच्या ८.८.८.८ किंवा क्लाउडफ्लेअरसारख्या सार्वजनिक रिझॉल्व्हरमधून विचारलं तर स्पॅमहाउस खरं उत्तर देत नाही, १२७.२५५.२५५.२५४ असा एरर कोड देतं. अर्थ: 'मला असं विचारू नका.' जुन्या लेखांतून उचललेलं सेटिंग कुठलंही उत्तर आलं की 'यादीत आहे' असं धरतं. मग बँक, जीएसटी, डाळ मिल, सगळ्यांची मेल स्पॅम म्हणून परत जायला लागते, आणि लॉगमध्ये स्पॅमहाउसचं नाव दिसत असल्याने माणूस निर्धास्त राहतो.

म्हणून आधी सर्व्हरवर अनबाउंड हा स्वतःचा रिझॉल्व्हर बसवा. त्याला फॉरवर्डर, म्हणजे चौकशी ज्याच्याकडे ढकलायची असा दुसरा रिझॉल्व्हर, देऊ नका. त्याला स्वतःच मुळापासून शोधू द्या. सर्व्हरचा डीएनएस १२७.०.०.१ करा. मग तपासा: २.०.०.१२७ या उलट्या पत्त्यापुढे झेनचं नाव जोडून डिग कमांडने विचारलं, की १२७.०.०.२ आणि त्याच्यासोबतची एक-दोन उत्तरं आली पाहिजेत. ही चाचणीसाठी कायम ठेवलेली नोंद आहे. तरीही तो २५५वाला कोडच येत असेल, तर तुमचा इंटरनेटवाला मध्येच डीएनएस स्वतःकडे वळवतो आहे का ते पाहा. तसं असेल तर स्पॅमहाउसकडे फुकट नोंदणी करून मिळणारी डीक्यूएसची चावी वापरा.

आता पोस्टस्क्रीन. पाहुण्याला दारात तपासणारा हा भाग पोस्टफिक्ससोबतच येतो, २.८ पासून. मास्टर डॉट सीएफमध्ये त्याच्या ओळी पुढे # चिन्ह लावून बंद ठेवलेल्या असतात: मूळची एसएमटीपीची ओळ बंद करायची आणि पोस्टस्क्रीन, एसएमटीपीडी, डीएनएसब्लॉग व टीएलएसप्रॉक्सी या चार उघडायच्या. पोस्टस्क्रीनची एक युक्ती मला फार आवडते. पाहुणा आल्यावर तो स्वागताची अर्धीच ओळ म्हणतो आणि सहा सेकंद गप्प बसतो. खरा मेल सर्व्हर पूर्ण ओळ ऐकल्याशिवाय बोलत नाही. स्पॅमच्या बॉटला दिवसभरात लाखो मेल उरकायच्या असतात. तो मध्येच बोलतो आणि पकडला जातो. या चाचणीचं नाव 'ग्रीट'. ती आणि ब्लॉकलिस्टची चाचणी, दोन्ही मुळात 'इग्नोर'वर असतात. त्या 'एन्फोर्स' करा.

यादी लिहिताना नावापुढे बरोबरचं चिन्ह (=) देऊन १२७.०.०.[२..११] असं बंधन घाला. म्हणजे २ ते ११ मधलं उत्तर आलं तरच 'यादीत आहे' असं धरलं जाईल, एरर कोड दुर्लक्षिले जातील. ही एक ओळ विसरू नका.

पोस्टस्क्रीनमध्ये आणखी खोल चाचण्या आहेत, पाइपलायनिंग वगैरे. त्या बंदच ठेवा. त्या चालू केल्या की चांगल्या सर्व्हरलाही पहिल्यांदा परत जाऊन पुन्हा यावं लागतं. मोठ्या कंपन्या दर वेळी वेगळ्या पत्त्यावरून येतात, त्यांची मेल रेंगाळते. आणि जुन्या लेखांत दिलेल्या सात-आठ यादींची माळ गळ्यात घालू नका. त्यातल्या काही केव्हाच बंद पडल्या. सॉर्ब्ससारखी जुनी यादीसुद्धा जून २०२४ मध्ये बंद झाली.

पायरी ४ : बोलण्यातला खोटेपणा

पोस्टस्क्रीन पार केलेला पाहुणा 'हेलो' म्हणून स्वतःचं नाव सांगतो. ते नाव व्याकरणातच बसत नसेल किंवा पूर्ण डोमेननाव नसेल, तर नाकारायला हरकत नाही. बाहेरचा माणूस तुमच्याच सर्व्हरचं नाव सांगत असेल तर तो नक्की खोटा; त्यासाठी हेलो अॅक्सेसची छोटी तक्ता-फाइल करून स्वतःचं नाव आणि स्वतःचा आयपी त्यात नाकारा.

उलटा डीएनएस तपासण्याचे दोन नियम आहेत. 'रिजेक्ट अननोन रिव्हर्स क्लायंट होस्टनेम' हा सौम्य: पत्त्याला काहीतरी नाव असलं की पुरे. त्यातला 'रिव्हर्स' शब्द काढला की तो कडक होतो: नाव आणि पत्ता दोन्ही बाजूंनी जुळले पाहिजेत. आपल्याकडच्या छोट्या कंपन्या, पतसंस्था, कॉलेजं यांचे सर्व्हर या दुसऱ्या परीक्षेत हमखास नापास होतात. सौम्य नियम लावा. तोही आधी 'वॉर्न इफ रिजेक्ट' हे शब्द पुढे जोडून लावा, म्हणजे मेल आत येईल आणि 'नाकारली असती' एवढीच नोंद लॉगमध्ये पडेल. आठवडाभराने ती नोंद वाचा, कोण कोण सापडलं ते बघा, मग ठरवा.

असाच दुसरा आधार म्हणजे 'सॉफ्ट बाउन्स'. ते 'येस' केलं की पाचशेच्या घरातले कायमचे नकार चारशेच्या घरातले, म्हणजे 'नंतर या' असे होतात. नवीन सेटिंग करताना चूक झाली तर पाठवणारा सर्व्हर मेल जपून ठेवतो आणि पुन्हा येतो. काम झालं की 'नो' करा. नाहीतर तेच स्पॅम दिवसेंदिवस दार वाजवत राहतं.

पायरी ५ : आरस्पॅमडी

इथवर आलात तर बहुतेक कचरा मेलचा मजकूर न वाचताच बाहेर राहिलेला असतो. उरलेल्यासाठी मजकूर तपासणारा गाळप कार्यक्रम हवा. जुना आणि नावाजलेला स्पॅमअसॅसिन आहे, नवा आरस्पॅमडी. छोट्या यंत्रावर मी आरस्पॅमडीच्या बाजूने आहे. तो हलका आहे, आणि मिल्टर म्हणून, म्हणजे पोस्टफिक्सला थेट लावलेली चाळणी म्हणून, जोडला की बोलणं चालू असतानाच निकाल देतो. म्हणजे आपला तोंडावर नकाराचा नियम पाळला जातो.

आरस्पॅमडी आणि त्याची माहिती साठवणारं रेडिस बसवा. पोस्टफिक्सच्या 'एसएमटीपीडी मिल्टर्स'मध्ये लोकलहोस्टचं ११३३२ हे पोर्ट द्या. 'मिल्टर डीफॉल्ट अॅक्शन' मुळात 'टेम्पफेल' असतं: आरस्पॅमडी बंद पडला तर कोणतीच मेल आत येत नाही, सगळ्यांना 'नंतर या'. तुम्ही लग्नासाठी आठवडाभर गावी गेलात आणि इकडे आरस्पॅमडी झोपला, तर पाठवणारे थकून मेल परत करतील. घरच्या सर्व्हरला 'अॅक्सेप्ट' बरं. चार दिवस स्पॅम आला तर येऊ दे.

बदल करायचे ते 'लोकल डॉट डी' फोल्डरात छोट्या फाइली करून. मूळ फाइलींना हात लावला तर पुढच्या अपडेटला ते बदल जातील. आरस्पॅमडी प्रत्येक मेलला गुण देतो. मुळातले आकडे असे: ४ गुणांना ग्रेलिस्ट, ६ ला 'स्पॅम' असा शिक्का, १५ ला नकार. सुरुवातीला हेच ठेवा. शिक्का बसलेली मेल जंक फोल्डरात टाकायला डोव्हकॉटचा सीव्ह (मेल फोल्डरांत वाटण्याचा) नियम लागतो. तो लिहिला नाही तर शिक्का बसूनही मेल इनबॉक्समध्येच दिसते, आणि लोक म्हणतात आरस्पॅमडी चालतच नाही.

ग्रेलिस्ट म्हणजे अनोळखी पाहुण्याला पहिल्यांदा 'पाच मिनिटांनी या' म्हणणं. इव्हान हॅरिस यांनी २००३ मध्ये ही कल्पना मांडली. खरा सर्व्हर परत येतो, घाईतला बॉट येत नाही. पूर्वी पोस्टग्रे नावाचा कार्यक्रम बसवून ते सरसकट सगळ्यांना लावत. आता तसं करू नका. ओटीपीची मुदत दहा मिनिटांत संपते आणि मेल बाराव्या मिनिटाला येते. मग घरचे अण्णा जीएसटीचं पान उघडं ठेवून तुमच्या नावाने ओरडतात. आरस्पॅमडी फक्त संशयित मेललाच थांबवतो, हे त्यातलं शहाणपण आहे.

ओळखीच्या लोकांना सूट द्यायची असेल तर 'प्रेषक' म्हणून दिसणाऱ्या पत्त्यावरून देऊ नका, तो कोणीही लिहू शकतं. आरस्पॅमडीच्या व्हाइटलिस्ट भागात डोमेन आणि त्यासोबत डीकेआयएमची (पाठवणाऱ्या डोमेनने मेलवर केलेली डिजिटल) सही जुळली पाहिजे अशी अट घालता येते. ती घाला.

व्हायरस तपासायला क्लॅमएव्ही बसवायचा मोह होईल. त्याला एक जीबीहून जास्त रॅम लागते. कमी रॅमचा रास्पबेरी पाय तिथेच गुडघे टेकतो. त्यापेक्षा एक्झी, एससीआर, जेएस, व्हीबीएस, एलएनके, आयएसओ असल्या शेवटाच्या जोडफाइली पोस्टफिक्सच्या 'माइम हेडर चेक्स'मधून सरळ नाकारा. आडतीच्या धंद्यात कोणी एक्झी फाइल पाठवत नाही. 'जीएसटी नोटीस' किंवा 'वीजबिल थकले' म्हणून आलेली, पासवर्ड लावलेली झिप फाइल मात्र यातून सुटते. तिच्याबद्दल घरात सांगून ठेवणं हाच उपाय.

पायरी ६ : मराठी शिकवणं

बेझ ही शब्दांवरून अंदाज बांधणारी पद्धत. कोणते शब्द स्पॅममध्ये येतात आणि कोणते चांगल्या मेलमध्ये, हे ती तुमच्याच मेलवरून शिकते. दोन्ही प्रकारच्या २०० मेल शिकवून होईपर्यंत आरस्पॅमडीचा बेझ तोंड उघडत नाही. पुढचे दरवाजे नीट लावले असतील तर २०० स्पॅम जमायलाच बराच काळ जातो. तोवर इंटरनेटवर मिळणारा तयार इंग्रजी साठा ओतून घाई करू नका. त्यात तुमच्या घरची भाषा नसते. सोयाबीन, हरभरा, क्विंटल, हमाली, पट्टी, मोंढा हे शब्द तुमच्याकडे चांगल्या मेलची खूण आहेत, आणि ते फक्त तुमच्याच इनबॉक्समधून शिकता येतात. चांगल्या मेलही तितक्याच शिकवा. लोक नुसतं स्पॅम शिकवत बसतात आणि मग बेझ सगळ्यालाच स्पॅम म्हणतो.

शिकवण्याची कमांड रोज कोणी चालवणार नाही. डोव्हकॉटमध्ये आयमॅप-सीव्ह लावा, म्हणजे मेल जंकमध्ये हलवली की स्पॅम म्हणून शिकली जाते आणि जंकमधून बाहेर काढली की चांगली म्हणून. घरच्यांना एवढंच सांगायचं: 'अण्णा, नको ती मेल पुसू नका, जंकमध्ये टाका.' कचऱ्याच्या डब्यात हलवलेल्या मेलला मात्र या नियमातून वगळा, नाहीतर जंक रिकामा करताना ती 'चांगली' म्हणून शिकली जाईल.

कोणी स्पॅमअसॅसिन वापरत असेल तर त्यात 'ओके लँग्वेजेस' नावाची भाषांची यादी असते. ती फक्त इंग्रजीवर ठेवली तर मराठी मेलला उगाच गुण चढतात. यादीत मराठी आणि हिंदी दोन्ही घाला. दोघींची लिपी एक असल्याने छोट्या मेलमध्ये यंत्राची गल्लत होते.

एसपीएफ, डीकेआयएम, डीमार्क : येणारी आणि जाणारी

एसपीएफ म्हणजे डोमेनची मेल कोणते सर्व्हर पाठवू शकतात त्याची जाहीर यादी, डीकेआयएम म्हणजे डोमेनची सही, आणि डीमार्क म्हणजे त्यांत नापास झालेल्या मेलचं काय करायचं याची डोमेनने दिलेली सूचना. येणाऱ्या मेलवर आरस्पॅमडी हे तिन्ही तपासतो आणि गुण देतो. डीमार्कमध्ये ज्या डोमेनने 'रिजेक्ट' जाहीर केलं आहे आणि जी मेल त्यात नापास झाली, ती नाकारायचं सेटिंग वेगळं करावं लागतं. बँकेच्या नावाने येणाऱ्या खोट्या मेलसाठी ते कराच. मेलिंग लिस्टवर असाल तर त्या लिस्टच्या सर्व्हरला सूट द्या, कारण लिस्टमधून आलेली खरी मेलही या परीक्षेत नापास होते. रिझर्व्ह बँकेने बँकांना ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत बँक डॉट इन या डोमेनवर जायला सांगितलं. संकेतस्थळ ओळखायला ते चांगलं आहे, पण 'बँक डॉट इन नसेल तर नाकार' असा नियम मेलवर लावू नका. बँकांची मेल बाहेरच्या सेवांमधूनही येते.

जाणाऱ्या मेलचं वेगळं. घरचा पत्ता पीबीएलमध्ये, उलट्या डीएनएसमध्ये तुमचं नाव नाही, शिवाय बऱ्याच ठिकाणी बाहेर जाणारं २५ नंबरचं पोर्टच बंद. त्यामुळे थेट पाठवायच्या फंदात पडू नका. 'रिलेहोस्ट'मध्ये एखाद्या पाठवणाऱ्या सेवेचा किंवा स्वतःच्या व्हीपीएसचा पत्ता द्या आणि एसपीएफमध्ये तिचं नाव घाला. एसपीएफमध्ये डीएनएसच्या दहापेक्षा जास्त चौकशा झाल्या तर ती नोंद बाद होते, म्हणून मोजक्याच सेवा लिहा. जीमेलने फेब्रुवारी २०२४ पासून प्रत्येक पाठवणाऱ्याकडून एसपीएफ किंवा डीकेआयएमपैकी एक तरी मागायला सुरुवात केली. तुम्ही दोन्ही लावा. डीमार्क आधी 'नन'वर ठेवून अहवाल बघा, मग 'क्वारंटाइन'.

पासवर्डने मेल पाठवणं फक्त ४६५ किंवा ५८७ वर ठेवा, २५ वर नाही. फेलटूबॅन नावाचा कार्यक्रम लावून पासवर्ड मारून बघणाऱ्यांना बाहेर काढा. छोट्या सर्व्हरवरून स्पॅम जातो तो बहुधा घरातल्याच कोणाचा तरी सोपा पासवर्ड फुटल्यामुळे. आणि घरातलं कोणी 'माझी मेल जीमेलला आपोआप पाठव' म्हणालं तर नाही म्हणा. तुमच्याकडे आलेला स्पॅमही तुमच्या नावाने जीमेलला जाईल आणि बदनाम तुमचं डोमेन होईल. त्यांच्या मोबाइलमध्ये आयमॅपने खातं जोडून द्या.

लाईट गेली तर?

मराठवाड्यात हा प्रश्न हमखास येतो, आणि त्यावर मिळणारा सल्ला बहुतेक चुकीचा असतो: 'दुसरा एमएक्स (डोमेनची मेल घेणारा सर्व्हर) ठेवा, सर्व्हर बंद असला तर मेल तिकडे जाईल.' स्पॅमवाल्यांना हे पक्कं ठाऊक असतं. दुसऱ्या एमएक्सवर गाळप ढिलं असतं, म्हणून ते मुद्दाम तिथूनच घुसतात. तिकडून मेल तुमच्याकडे येते ती त्या सर्व्हरच्या पत्त्यावरून, म्हणजे ब्लॉकलिस्ट आणि एसपीएफ दोन्ही आंधळे. तुम्ही नाकारली तर परत-मेल पाठवणारा तो, म्हणजे पुन्हा वर सांगितलेलाच घोळ.

त्याची गरजच नाही. एसएमटीपीच्या २००८ च्या प्रमाणकात पाठवणाऱ्याने किमान चार-पाच दिवस प्रयत्न करत राहावं असं म्हटलं आहे, आणि पोस्टफिक्सचा स्वतःचा आकडाही पाच दिवस आहे. आठ तासांच्या भारनियमनाने मेल हरवत नाही, उशिरा येते. एवढंच बघा की लाईट आल्यावर यंत्र आपोआप चालू होईल. डेस्कटॉपच्या बायॉसमध्ये तसं सेटिंग असतं. राउटर, फायबरचा डबा आणि सर्व्हर, तिन्ही एकाच इन्व्हर्टरवर घ्या. सर्व्हर चालू आणि फायबरचा डबा बंद असेल तर डीएनएस मिळत नाही. अनबाउंड पोस्टफिक्सच्या आधी सुरू होतो का तेही एकदा मुद्दाम लाईट बंद करून तपासा.

नंतरची देखभाल

पहिल्या महिन्यात रोज, पुढे आठवड्यातून एकदा लॉग वाचा. पीएफलॉगसम नावाचा छोटा कार्यक्रम त्याचा गोषवारा काढून देतो. त्यात किती नाकारल्या हा आकडा बघून खूश होऊ नका. कोणाच्या नाकारल्या ती नावं वाचा. शंभर अनोळखी आयपींमध्ये एखादं ओळखीचं डोमेन दिसलं, म्हणजे ट्रान्सपोर्टवाला किंवा पतसंस्था, तर त्याच दिवशी फोन करून विचारा. बहुतेक वेळा त्यांच्या बाजूला एसपीएफमध्ये जुना सर्व्हर राहून गेलेला असतो. त्यांना सांगितलं तर ते दुरुस्त करतात, नाही केलं तर तेवढ्या डोमेनला सूट द्या.

आरस्पॅमडीचं पान लोकलहोस्टच्या ११३३४ पोर्टवर असतं. ते इंटरनेटवर उघडं टाकू नका, एसएसएचच्या बोगद्यातून बघा. तिथे प्रत्येक मेलला कोणत्या कारणाने किती गुण मिळाले ते ओळीने दिसतं. एखादी चांगली मेल जंकमध्ये गेली तर गुणांची मर्यादा वाढवण्याआधी ही यादी उघडा. दोष बहुधा एकाच नियमाचा असतो. तेवढ्याच नियमाचे गुण कमी करा, बाकीचं आहे तसं राहू द्या.